फ्लोरोसिसमुळे पुढच्या दातांवर तपकिरी डाग – कॅप, व्हिनियर की आणखी काही? मदत हवी आहे

पळसपान

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचक असते, आज प्रश्न घेऊन आले आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, केळापूर तालुक्यातल्या एका गावची. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे (त्यानेच दातांवर असे डाग पडतात, तोच दातांचा फ्लोरोसिस) हे आता सगळ्यांना माहीत झालंय, माझ्या लहानपणी नव्हतं. शाळेत कितीतरी मुलांचे दात असेच होते, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पुण्यात शिकायला आले तेव्हा हॉस्टेलवरच्या एका मुलीने अगदी सहज विचारलं, "तू मिश्री लावतेस का गं?" तेव्हापासून फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागली ती लागलीच.

नेमकं काय आहे ते सांगते. वरच्या समोरच्या दोन दातांवर मधोमध आडवा तपकिरी पट्टा आहे. त्यांच्या शेजारच्या दोन्हींवर पिवळट ठिपके, आणि उजव्या सुळ्यावर पिनेच्या टोकाएवढे दोन-तीन खड्डे. खालच्या दातांवर निस्तेज पांढरे चट्टे आहेत. डॉक्टरांनी हवा मारून दात कोरडे केले की ते जास्त उठून दिसतात, ओले झाले की दबतात. कीड एकाही दाताला नाही. दुखत नाही, थंड-गरम लागत नाही. दात सरळ आहेत, चावायला काही त्रास नाही. वय २६.

फेब्रुवारीत लग्न आहे. नवऱ्या मुलाचं काही म्हणणं नाही, हे आधीच सांगते. दात मला स्वतःला करून घ्यायचे आहेत आणि पैसेही मीच साठवले आहेत.

आता गोंधळ असा की एका दवाखान्यात "स्माईल डिझाइन" म्हणून वरच्या दहा दातांना झिर्कोनियाच्या (एक प्रकारच्या सिरॅमिकच्या) कॅप सांगितल्या. एका कॅपचे साडेनऊ हजार, पॅकेज ९५ हजार, आठवड्याभरात काम पूर्ण. टॅबवर माझाच फोटो घेऊन त्यात नवे दात बसवून दाखवले. दिसत होते छान, पण माझे वाटत नव्हते. "दात किती घासावा लागेल?" असं विचारल्यावर "थोडासा" एवढंच उत्तर मिळालं, आणि आज बुकिंग केलं तर दहा टक्के सूट. दुसऱ्या ठिकाणी आठ ई-मॅक्स व्हिनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या सिरॅमिकच्या पातळ चकत्या, एकाचे चौदा हजार. तिथल्या मॅडम नीट बोलल्या, पण त्यांनीही डाग आहे तसा ठेवून वरून झाकण्याचंच सांगितलं.

मला एवढंच समजून घ्यायचंय की चांगले, न किडलेले दात कमीत कमी घासून हे डाग जातात का? पूर्ण गेले नाहीत तरी चालेल. हसले की समोरच्याची नजर तिथेच जाऊ नये, इतकं झालं तरी पुष्कळ. कुणी फ्लोरोसिसवर उपचार घेतले असतील तर कुठल्या क्रमाने केले, दुखलं का, किती टिकलं, सांगाल का?

---

कोपऱ्यातला

दात आहेत तसे ठेवा असं सांगणार होतो, पण तुम्ही आधीच दार लावून घेतलंय! :)

तरी एक शंका. फ्लोराइड दातांना चांगलं म्हणून टूथपेस्टमध्ये घालतात ना? मग त्यानेच दात खराब कसे होतात?

---

पळसपान

@कोपऱ्यातला, दार लावलेलं नाही, कडी घातलीय. लोक "मनाने सुंदर असावं" वगैरे सांगतात तेव्हा त्यांचे स्वतःचे दात पांढरे असतात हे मी पाहिलंय. टूथपेस्टचं मलाही माहीत नाही, कुणी सांगितलं तर बरं.

---

दंतकथा

पळसपान, मी दंतवैद्य आहे, एमडीएस कॉन्झर्व्हेटिव्हमधलं, म्हणजे दात राखण्याच्या शाखेतलं. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही वर्णन इतकं नेटकं केलंय की दिशा नक्की सांगता येते.

आधी कोपऱ्यातला यांचा प्रश्न. सगळा मामला मात्रेचा आणि वयाचा आहे. हिरड्यांच्या आत कायमच्या दातांचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) तयार होत असतं त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर ते एनॅमल सच्छिद्र बनतं. दात उगवल्यावर त्या सच्छिद्र भागात चहापासून सगळ्याचे रंग मुरत जातात आणि पांढऱ्या चट्ट्याचा तपकिरी पट्टा होतो. मोठेपणी फ्लोराइडने असे डाग नव्याने पडत नाहीत. गंमत म्हणजे हा शोध डागांपासूनच लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला १९०१ साली फ्रेडरिक मके नावाचा दंतवैद्य गेला, तिथल्या लोकांचे दात तपकिरी पाहून चक्रावला, आणि पुढे त्याच्या लक्षात आलं की या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. आपल्याकडे १९३७ मध्ये नेल्लोर भागातून पहिली नोंद झाली. पळसपान यांच्या दातांना कीड नाही त्यामागे कदाचित हेच असेल.

आता मुख्य मुद्दा. तुमचे दात मजबूत आहेत, जागेवर आहेत, फक्त वरचा पापुद्रा रंगलेला आहे. अशा दाताला कॅप म्हणजे चांगली पेन्सिल टोकयंत्रात घालून तासणं. कॅप दाताच्या चारही बाजूंनी बसते, त्यामुळे चारही बाजू उतरवाव्या लागतात. २००२ सालच्या एका प्रसिद्ध मोजणीत व्हिनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ३ ते ३० टक्के भाग जातो असं आढळलं, आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. "थोडासा" तो हा. तासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढेमागे मरते आणि रूट कॅनाल करावं लागतं. शिवाय कॅप जन्मभर पुरत नाही, दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येते, म्हणजे तुमच्या चाळिशीत पुन्हा तासकाम. ब्रिटनमधली तरुण पोरं तुर्कस्तानात जाऊन स्वस्तात "व्हिनियर" म्हणून कॅपच बसवून येतात, त्या दातांना तिकडे "टर्की टीथ" असं नावच पडलंय. पॅकेज आणि आजच्या आज सूट ऐकली की मला तेच आठवतं.

तुमच्यासाठी क्रम उलटा हवा. सगळ्यात कमी नुकसानीचं आधी.

पहिलं, स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई. डागाचा काही भाग नुसता वरचा थर असतो.

मग मायक्रोअॅब्रेजन. तपकिरी डागासाठी हे फार गुणी काम आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेली पेस्ट दातावर लावून रबरी कपाने हळूहळू फिरवतात. एक-दीड दशांश मिलिमीटर एवढाच पापुद्रा जातो. भूल लागत नाही. मात्र डाग किती खोल आहे हे केल्याशिवाय कळत नाही. वरवरचा असेल तर एका बैठकीत उडतो, खोल असेल तर फिका होतो.

त्यानंतर ब्लीचिंग, म्हणजे दात उजळवणं. घरी वापरायच्या, तुमच्या दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल, रात्री लावून झोपायचं, दोन ते चार आठवडे. खुर्चीवरचं झटपट ब्लीचिंग जाहिरातीत छान दिसतं, पण फ्लोरोसिसमध्ये माझा कल घरच्या ट्रेकडे आहे. सावकाश होतं, आणि कुठे थांबायचं ते तुमच्या हातात राहतं. पहिले काही दिवस पांढरे चट्टे जास्त भडक दिसतील. घाबरू नका, आजूबाजूचा दात उजळला की फरक कमी होतो.

एवढं करून पांढरे चट्टे खुपत राहिले तर रेझिन इन्फिल्ट्रेशन. 'आयकॉन' नावाचं एका जर्मन कंपनीचं मटेरियल आहे. आम्लाने छिद्रं उघडून त्यात पातळ रेझिन मुरवतात, त्यामुळे प्रकाश सरळ जातो आणि चट्टा विरून जातो. सुळ्यावरच्या खड्ड्यांना थोडं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरलं की झालं. मात्र ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबूनच. लगेच केलं तर दातात अडकलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटत नाही, आणि तोवर रंगही स्थिर झालेला नसतो.

यातून काहीच जमलं नाही तर मग व्हिनियर, तेही लागतील तेवढ्याच दातांना, दोन किंवा चार. आठ आणि दहाचा आकडा फोटोवरून येतो, दातांवरून नाही.

एक सांगा, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का? रात्री दात खाण्याची सवय आहे का? आणि तंबाखू, सुपारी काही?

---

खर्रा_सोडलेला_माणूस

पळसपान ताई, मी घाटंजीचा. तुमचा पट्टा आणि माझा पट्टा सख्खे भाऊ दिसून राहिले. :)

मी नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात करून घेतलं, मेडिकल चौकातलं. ओपीडीचा कागद काढा, सकाळी लवकर जा आणि डबा सोबत ठेवा, कारण वेळ लागते. पीजीची एक पोरगी होती. तिनं आधी फोटो काढले, मग सरांना बोलावलं, सरांनी बघून "मायक्रोअॅब्रेजन करा, पुढचं नंतर बघू" म्हटलं. प्रत्येक पायरीला सरांची सही. मला ते आवडलं बाप्पा, खासगीत एवढं कोण बघते?

दाताभोवती निळं रबर ताणून बसवते, त्यातून फक्त पुढचे दात बाहेर. डोळ्यावर चष्मा. मग ती करकर पेस्ट. दुखत नाही, पण खडे चावल्यावानी आवाज डोक्यात जाते. मधूनमधून धुऊन बघते. तिसऱ्या-चौथ्या वेळेस पट्टा फिका झाला तेव्हा तिनं आरसा हातात दिला, आणि खरं सांगतो, मी तिच्याकडं बघूनच हसलो. पूर्ण गेला नाही. डाव्या दातावर चहाच्या रंगाची सावली अजून आहे, पण आता सांगितल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

ब्लीचिंगला मात्र कळा आल्या. रात्री ट्रे लावला की सकाळी थंड पाणी लावता येत नव्हतं. त्यांनी एक दिवसाआड करायला सांगितलं आणि पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट दिली, मग जमलं. पैसे खासगीच्या मानानं किरकोळ लागले, फक्त फेऱ्या जास्त. तुम्ही पुण्याहून नागपूर करणार का हा प्रश्न आहे, पण मुंबईला आणि संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालय आहे.

आणि हो, खर्रा (आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन हे सगळं करू नका. मी तोच सोडून गेलो होतो, नावात लिहिलंच आहे.

---

अमरावतीची_मावशी

अगं पळसपान, दंतकथांनी सांगितलंय तेच कर. मी फक्त एक भर घालते, कारण माझ्या लेकीने डॅलसला चार व्हिनियर बसवलेत. ती पडून तिचा दात तुटला होता, त्यामुळे तिथे दुसरा इलाज नव्हता.

समजा तुला व्हिनियर करायची वेळ आलीच, तर आधी 'मॉक-अप' करून माग. दात न घासता त्यावर तात्पुरतं मटेरियल बसवून नवा आकार दाखवतात, आणि नंतर ते काढून टाकता येतं. ते लावून दवाखान्यातल्या दिव्याखाली बघू नकोस, बाहेर ये, उन्हात बघ. आणि बोलून बघ. "फुलपाखरू", "फारफार", "वावगं" असं म्हण. वरच्या दाताची कड खालच्या ओठाला जिथे लागते तिथे लांबी जास्त झाली तर फ आणि व अडखळतात. लेकीचा पहिला मॉक-अप असाच होता, फोनवर बोलली तर मला वाटलं रेंज जातेय.

रंगाचंही तसंच. त्यांच्याकडे शेड गाइडची पट्टी असते. सगळ्यात पांढरा मागितला की तोंडात दिवा लावल्यासारखं दिसतं. आपल्या डोळ्यातल्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे नकोत, हे तिला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला पटलं.

---

पळसपान

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी!

@दंतकथा, जबडा दुखत नाही, दात खात नाही (रूममेटला विचारून घेतलं). तंबाखू-सुपारी नाही, चहा मात्र भरपूर. आता कॅपचा विषय डोक्यातून काढलाय. बुकिंग केलं नव्हतं, नशीब. त्यांचे फोन चालूच आहेत, आता सूट पंधरा टक्के झालीय.

@खर्रा_सोडलेला_माणूस दादा, पट्टा सख्खा भाऊ! :D दिवाळीला गावी जाणारच आहे, तेव्हा नागपूरला दाखवून येते. मायक्रोअॅब्रेजन तिथेच करून ट्रे घेऊन पुण्याला येता येईल का, ते विचारेन.

@मावशी, "फुलपाखरू" आरशासमोर म्हणून पाहिलं. सध्याच्या दातांनी तरी व्यवस्थित म्हणता येतंय.

अजून एक विचारते, विषय थोडा बाजूला जाईल. भावाची मुलगी दोन वर्षांची आहे. नळाला पाणी असतं तेव्हा ठीक, पण उन्हाळ्यात घरचा बोअरच चालतो. वहिनी पाणी उकळून, गाळून देते. तेवढं पुरतं ना?

---

विंधणविहीर

नाही पुरत, आणि उकळणं तर उलटंच. वाफ जाते, फ्लोराइड भांड्यात राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. जंतूंसाठी उकळणं बरोबर, यासाठी नाही. कँडलचा फिल्टर, तुरटी फिरवणं, कापडाने गाळणं, कशानेच जात नाही. तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात वापरून फ्लोराइड काढायची पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली आहे. तिला 'नालगोंडा पद्धत' म्हणतात, पण ती मोजून-मापून करायची असते, अंदाजाने नव्हे. घरात सोपं म्हणजे आरओ, किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर.

सगळ्यात आधी पाणी तपासा. रंग, वास, चव, काही कळत नाही. ग्रामपंचायतीकडे फील्ड टेस्ट किट असतं, जलसुरक्षकाला गाठा. किटने जास्त दाखवलं तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. फ्लोराइड खडकातून उतरतं, त्यामुळे खोल बोअरपेक्षा गावातल्या उघड्या विहिरीचं पाणी बरेचदा बरं निघतं. दोन्हींचे नमुने द्या. आणि नुसतं पिण्याचं नव्हे, वरणभाताचं पाणीही त्यातच धरा.

---

दंतकथा

विंधणविहीर यांच्या प्रत्येक शब्दाला माझी सही. पळसपान, तुमच्या दातांना फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे, भाचीच्या दातांना नाही. समोरच्या वरच्या दोन दातांचं एनॅमल नेमकं याच वयात घडतं, तिसऱ्या वर्षापर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. मागचे दात त्यानंतरही काही वर्षं घडत राहतात, म्हणजे आत्ता सुरू केलं तरी पुष्कळ वाचेल. येत्या उन्हाळ्याची वाट पाहू नका. तिच्या दुधाच्या दातांवर डाग दिसत नाहीत म्हणून वहिनी निर्धास्त असतील तर त्यांना सांगा, ते दात बरेचसे पोटात असताना घडलेले असतात, त्यावरून अंदाज बांधता येत नाही. दूध पावडरचं असेल तर ती कालवायला बोअरचं पाणी अजिबात नको. टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती गिळत नाही ना ते बघायचं.

घरात मोठ्यांचे सांधे, पाठ धरत असेल तर डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगा. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्याने हाडांवरही परिणाम होतो.

तुमच्या कामाचं वेळापत्रक: दिवाळीत मायक्रोअॅब्रेजन, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ट्रे, मग दोन आठवडे विश्रांती, जानेवारीत सुळ्याचे खड्डे आणि हवंच असेल तर इन्फिल्ट्रेशन. तासकामाशिवाय निभेल असं वाटतंय. प्रत्येक टप्प्याआधी ओल्या दातांचा, एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि मग उगाच पुढचा उपचार करावासा वाटतो.

---

पळसपान

भावाला आत्ताच फोन केला. त्याचं म्हणणं, "आपण सगळे हेच पाणी पिऊन मोठे झालो." मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव, दात दाखवते. उद्या ग्रामपंचायतीत जातोय.

@दंतकथा, शेवटचा बावळट प्रश्न. ब्लीचिंग चालू असताना हळदीचं जेवण चालतं का? आमच्याकडे डिसेंबरपासून केळवणं सुरू होतील.

---

दंतकथा

बावळट अजिबात नाही, अगदी कामाचा आहे. ट्रे चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस रस्सा, हळद, बीट, जांभळं, काळा चहा टाळा. दूधभात, दहीभात, इडली, पनीर चालेल. केळवणाला गेलात तर वरणावर हात आखडता घ्या आणि बासुंदीवर भर द्या, कारण विचारलं तर माझं नाव सांगा. लग्नातली हळद तोंडाला लावतात, दाताला नाही, त्यामुळे ती बिनधास्त लावून घ्या.

---

खर्रा_सोडलेला_माणूस

नागपूरला जाल त्याच्या आदल्या दिवशी इथं टाका ताई. ओपीडीचा कागद कोणत्या खिडकीवर मिळते ते विचारून ठेवतो, मागच्या वेळी मी चुकीच्या रांगेत उभा होतो.